सात बदकं आणि नितळ बोडी

सागाच्या जंगलाला लागून एक इवलीशी बोडी होती. बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं. तिचं पाणी इतकं नितळ, की तळातले गुलाबी खडे वरून मोजता यायचे. काठावरच्या घरातली छोटी फुलवंता रोज सकाळी त्यातलं शेवाळ काढून टाकायची आणि तिला आपल्या स्वच्छ बोडीचा भारी अभिमान होता. पण बोडीतले मासे वीतभर लांब आणि काडीसारखे बारीक. असले मासे कोण विकत घेणार? दिवाळीपर्यंत ते भरले नाहीत, तर माय दूर वीटभट्टीवर कामाला जाणार होती आणि फुलवंता मावशीकडे राहणार होती. मायचं गाठोडं आतापासूनच खुंटीला टांगलेलं होतं. फुलवंता त्याच्याकडे पाठ करूनच जेवायला बसायची.

श्रावणातल्या एका सकाळी मायच्या नव्या जाळ्यात निळा चतुर अडकला. फुलवंताने दोन धागे कापून त्याला सोडवलं, आणि बघते तर काय, चतुराच्या जागी करंगळीएवढी परी. तिच्या चिमुकल्या पंखांवर मोरपंखी, सोनेरी, जांभळ्या ठिणग्या नाचत होत्या.

"बाळ, दोन गोष्टी माग," परी म्हणाली. "पण मी देईन त्याला हाकलायचं नाही. हाकललंस तर ते नाहीसं होईल."

"माझ्या माशायचं पोट भरू दे," फुलवंता म्हणाली.

परीने टिचकी वाजवली आणि दिसेनाशी झाली. फुलवंताला वाटलं, आता आभाळातून पिठाचे गोळे पडणार. पडली सात बदकं. धप, धप, धप, पाण्यात.

माय धावत दारात आली. फुलवंताने तिला परीचं सगळं सांगितलं. "पोरी, माशायले खायले मागतलं, अन् हे सात तोंडं आणखी आले काऊन व?"

तेवढ्यात बदकांनी शेपट्या हलवल्या आणि त्या काचेसारख्या पाण्यात चक्क शी केली. एकाने नाही, सातांनी. फुलवंताचा आ वासलेला तसाच राहिला. मग तिला असा राग आला की तिने ढेकूळ उचललं आणि भिरकावलं.

पाण्यावर एक बुडबुडा फुटला. बदकं सहा उरली.

फुलवंताला परीची अट आठवली. त्या दिवसापासून तिने आपल्या ताटातल्या कण्या बदकांना घातल्या. ऊन अंगणात आल्यावरच ती खुराडं उघडायची, म्हणजे अंडी पाण्यात न पडता खुराड्यातल्या गवतात मिळायची. रोज सहा अंडी, मोत्यासारखी. पण बोडी हिरवीगार झाली, खडे दिसेनात, मासेही दिसेनात. आणि एक बदक रोज संध्याकाळी आपल्या सोबतिणीला हाका मारत काठाकाठाने फिरायचं. ते ऐकून फुलवंताला फार वाईट वाटायचं.

दिवाळी सरली. मायने गाठोडं डोक्यावर घेतलं. फुलवंता बोडीवर रडत बसली होती, तेव्हा परी आली.

"दुसरं मागणं राहिलंय, बाळ. मायला थांबवू?"

फुलवंताने मायकडे पाहिलं. मग त्या हाका मारणाऱ्या बदकाकडे पाहिलं.

"मायसाठी लय जीव तुटते," ती हुंदके देत म्हणाली. "पण ढेकूळ मीच मारलं ना? त्याच्या सोबतिणीले परत आण."

"वेडी गं," परी हळूच म्हणाली. "नितळ पाण्यात मासे खातील काय? बदकांच्या शीवर पाण्यात बारीक हिरवं रान वाढतं. तेच माशांचं जेवण." आणि ती सोनेरी उजेडात विरून गेली.

त्याच उजेडातून सातवं बदक पडलं. धप. त्या आवाजाने हिरवं पाणी उसळलं आणि दचकलेले मासे हवेत उडाले. रुपेरी, लाल परांचे, मायच्या दंडाएवढे जाड. एक, चार, दहा, वीस.

मायचे डोळे विस्फारले.

"जाळं आण, पोरी," ती म्हणाली.

"त्याचे दोन धागे मी कापले, माय."

"मंग आधी सांधू."

सुई-दोरा गाठोड्यात होता. मायने ते खाली ठेवलं आणि गाठ सोडली.