केरबाने हत्ती काढला

चांदवेस नावाच्या एका जुन्या शहरात एक भोळा शिपाई होता. शहर तीनशे वर्षांचं होतं आणि शिपाई पंचेचाळीस वर्षांचा. शहराला अक्कल यायला तीनशे वर्षं पुरली नव्हती, मग पंचेचाळीस वर्षांत केरबाला कुठून येणार? पण माणूस गुणी होता. सांगितलेलं काम त्याने कधी टाळलं नाही. टाळलं असतं तर किती बरं झालं असतं.

केरबा चित्रकला मंडळात नोकरीला होता. मंडळ म्हणजे एक खोली, दोन कपाटं, एक पंखा आणि कुमुदिनीबाई टिळेकर. बाई मंडळाच्या चिटणीस. त्यांचा जीव एका भिंतीत अडकला होता.

नदीकाठच्या देवळाच्या सभामंडपात ती भिंत होती. भिंतीवर कुणा जुन्या चितार्‍याने राजाची मिरवणूक रंगवलेली. पुढे ताशेवाले, मागे घोडेस्वार आणि मधोमध अंबारी घेतलेला हत्ती. देवळाचे मुख्य पंच आबासाहेब काटवटे यांना मात्र त्या भिंतीवर पोपडे तेवढे दिसायचे. उत्सवाआधी सगळ्या मंडपाला पिस्त्याच्या रंगाचा ऑइल पेंट द्यायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं. रंगार्‍यांनी आपलं सामान आणून कोपर्‍यात ठेवलंसुद्धा.

बाई तीन वेळा त्यांच्याकडे गेल्या. तिसर्‍या वेळी रडल्या. बाई कधी रडत नसत, त्यामुळे आबासाहेब जरा घाबरले.

"हे बघा बाई," ते म्हणाले, "बाहेरचे नावाजलेले चित्रकार आणा. रविवारी दिवसभर बसू देत देवळात. त्यांना या भिंतीत काही दिसलं तर मलाही दाखवू देत. मला दिसलं तर भिंत राहील. नाही दिसलं तर सोमवारी रंगारी येतील."

बाईंनी बारा चित्रकारांना बोलावलं. दिवस एकच होता. सकाळी वेस, मग घाट, मग देऊळ, मधे जेवण आणि दुपारपासून ती भिंत. सगळं मनासारखं पार पडायला हवं होतं.

शनिवारी सकाळी त्या केरबाला म्हणाल्या, "केरबा, उद्याच्या दिवसाची नीट आखणी करून ठेवा. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत." आणि त्या जेवणाचं सांगायला निघून गेल्या.

केरबाने फूटपट्टी घेतली, लाल पेन्सिल घेतली आणि भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवलं. रविवारचा चौकोन काडेपेटीपेक्षा लहान. त्यात आठपासून सहापर्यंत आखायचं म्हणजे नाजूक काम. त्याने जीभ बाहेर काढून एकेक रेघ ओढली. दहाव्या रेघेला कागद फाटला.

बाई परत आल्या तेव्हा केरबा टेबलाखाली शिरला होता.

"काय शोधताय?"

"रविवार. आखता आखता निसटला बगा."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, आखणी म्हणजे रेघा नव्हेत! कुठं, किती वाजता जायचं ते लिहायचं. प्रत्येक ठिकाणासमोर त्याची वेळ लिहायची. समजलं?"

"व्हय बाई. ठिकाणासमोर येळ लिवायची."

"शाबास."

केरबाने एका बादलीत गेरू कालवला आणि कुंचला घेऊन तो शहरात गेला. वेशीसमोरच्या फरसबंदीवर त्याने लिहिलं, '८ वाजता'. घाटाच्या पहिल्या पायरीवर लिहिलं, 'साडेनऊ'. देवळाच्या दीपमाळेसमोर जागा कमी होती म्हणून दीपमाळेवरच लिहिलं, 'अकरा'. अक्षर मोठं आणि वळणदार होतं, तेवढं कबूल केलं पाहिजे.

शहरात नळाला पाणी कधी येतं हे कुणालाच कधी कळत नसे. वेशीसमोर लिहिलेली वेळ वाचून वेशीतल्या बायकांना आनंद झाला. अखेर नगरपालिकेला लाज वाटली, असं त्या एकमेकींना सांगू लागल्या.

संध्याकाळी बाई स्वतः बादली आणि खराटा घेऊन दीपमाळ घासत होत्या. केरबा पाणी ओतत होता.

"केरबा, हे शहर म्हणजे आपला ठेवा आहे. जुन्या गोष्टींना हात लावायचा नसतो. जे जे जुनं दिसेल, त्याला लांबून नमस्कार करायचा. बस्स."

"जुनं दिसलं की लांबनं नमस्कार," केरबा म्हणाला. त्याने लगेच दीपमाळेला एक केला.

रविवारी सकाळी आठ वाजता मिनीबस वेशीपाशी थांबली. समोर वीसेक बायका हंडे-कळश्या घेऊन रांगेत उभ्या. चित्रकार खूश झाले. आपल्यासाठी केवढी सोय केली आहे, असं म्हणत त्यांनी बसच्या खिडकीतूनच वह्या उघडल्या.

सगळ्यांत शेवटी उतरले त्र्यंबकराव हुद्दार. वय वर्षं एक्याऐंशी. मोठा चित्रकार. ते एखाद्या चित्राला चांगलं म्हणाले की लोक ते चित्र पुन्हा एकदा नीट बघत. आबासाहेबांनीही त्यांचं नाव ऐकलं होतं. बाईंची सगळी भिस्त त्यांच्यावर होती. बसच्या शेवटच्या पायरीवर ते थबकले, कारण खाली गटाराचा चिखल होता.

"अहो, जरा हात द्या," ते केरबाला म्हणाले.

केरबाने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. पांढरे केस. सुरकुत्या. जुनं होतं. चांगलंच जुनं होतं. तो चार पावलं मागे सरला आणि त्याने लांबून नमस्कार केला.

त्र्यंबकराव पडले सभ्य गृहस्थ. नमस्काराला नमस्कार करायची आयुष्यभराची सवय. त्यांनी बसचा दांडा सोडून दोन्ही हात जोडले आणि ते थेट चिखलात बसले.

बाई धावत आल्या. त्र्यंबकरावांना उठवलं, पुसलं, झटकलं. मग त्यांनी केरबाला बाजूला घेतलं. "अहो, म्हातारं माणूस दिसलं की हात धरायचा! घट्ट धरायचा. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही!"

"म्हातारं मानूस घट्ट धरायचं. तुमी सांगस्तवर सोडायचं न्हाई."

"आता तुम्ही देवळात जाऊन थांबा. आम्ही घाट करून येतो."

केरबा देवळात जाऊन थांबला. दहाच्या सुमाराला आबासाहेब आले. मिशा पांढर्‍या, धोतर पांढरं, हातात काठी. घंटा वाजवायला त्यांनी हात वर केला आणि मागून कुणीतरी कमरेला मिठी घातली.

"कोण रे?"

"केरबा."

"सोड!"

"बाईंनी सांगितल्याबिगर न्हाई."

"अरे, मला प्रदक्षिणा घालायच्या आहेत!"

"घाला की. म्या हाय पाठीमागं."

आबासाहेबांनी काठी आपटून पाहिली. ओरडूनही पाहिलं. शेवटी देवाचा नेम चुकायला नको म्हणून त्यांनी केरबासकट पाच प्रदक्षिणा घातल्या. दर्शनाला आलेल्या एका बाईला वाटलं, हा नवसाचा प्रकार असावा. तिने आपल्या नवर्‍याला मागून धरलं आणि तीही फिरू लागली.

साडेअकराला कुमुदिनीबाई चित्रकारांना घेऊन आल्या तेव्हा केरबा आबासाहेबांना धरून पायरीवर बसला होता. आबासाहेबांचा चेहरा शेंदरासारखा झाला होता.

"सोडा त्यांना! सोडा!"

केरबाने सोडलं. आबासाहेबांनी धोतर सावरलं. "बाई, सोमवारची कशाला वाट बघायची? आत्ताच रंगार्‍यांना बोलावतो!"

बाईंनी हात जोडले, गयावया केली. त्र्यंबकरावांनीही दोन शब्द सांगितले. कपड्यांवर चिखलाचे डाग असलेला एवढा मोठा माणूस आपल्याला विनवतोय हे पाहून आबासाहेब वरमले आणि संध्याकाळपर्यंत थांबायला कबूल झाले.

बाई केरबाजवळ आल्या. "पाहुण्यांना मोकळं सोडायचं असतं हो. ज्याला जिकडं जायचं तिकडं जाऊ द्यायचं. कुणाला म्हणून अडवायचं नाही."

"कुनाला बी अडवायचं न्हाई," केरबा म्हणाला.

दुपारी धर्मशाळेत जेवणाची पानं मांडली. पिठलं, भाकरी, वांग्याचं भरीत आणि जिलबी. सकाळी केलेली वेशीची आणि घाटाची चित्रं चित्रकारांनी ओवरीत ओळीने वाळत ठेवली. राखणीला केरबाला बसवलं.

गुरवाची शेळी आली. तिने केरबाकडे पाहिलं, केरबाने तिच्याकडे. तिला ओवरीत जायचं होतं आणि केरबा नेमका वाटेत बसलेला. तो उठला आणि बाजूला झाला.

शेळीने आधी वेस खाल्ली. मग हंडे घेतलेल्या सहा बायका खाल्ल्या. मग ती घाटाकडे वळली. घाट तिला आवडला असावा, कारण तो तिने पायरी-पायरीने संपवला. केरबा कौतुकाने बघत होता.

जिलबी हातात घेऊनच बाई बाहेर आल्या. "केरबा! शेळी चित्रं खातेय आणि तुम्ही बघत उभे आहात?"

"अडवायचं न्हाई म्हनला हुता न्हवं?"

"अहो, मग मला हाक तरी मारायची!"

"हाक मारा असं कुनी सांगितलं न्हाई."

बाई मटकन खाली बसल्या. त्या ओरडल्या नाहीत, आणि तेच वाईट होतं. अगदी हळू आवाजात त्या म्हणाल्या, "केरबा, प्रत्येक गोष्ट मीच सांगायची का? कधीतरी आपणहून काही करा. एखादं काम राहिलेलं दिसलं, तर कुणाची वाट न बघता स्वतः पुरं करून टाकावं. एवढं तरी करा माझ्यासाठी."

केरबाला फार वाईट वाटलं. बाई त्याला आजवर कधी टाकून बोलल्या नव्हत्या. दिवाळीला त्याच्या बायकोला लुगडं त्याच देत. तो त्या दिवशी जेवला नाही. जिलबी होती, तरीही जेवला नाही. बाईंसाठी आज एक तरी काम आपणहून करायचंच, असं त्याने देवाला सांगून ठेवलं.

दुपारी सगळे सभामंडपात भिंतीसमोर बसले. आबासाहेब खांबाला टेकून, काठीवर हनुवटी ठेवून. चित्रकार हत्तीचं चित्र काढू लागले. कुणी सोंड काढली, कुणी पाय, कुणी झूल. त्र्यंबकराव मात्र काही काढेनात. नुसते बघत राहिले.

"आबासाहेब, जरा इकडं या," खूप वेळाने ते म्हणाले. "इथं उभे राहा. आता हत्तीच्या डोळ्यात बघा."

आबासाहेब नाइलाजाने उठले आणि बघू लागले.

"सगळी मिरवणूक राजाकडं बघतेय," त्र्यंबकराव म्हणाले. "ताशेवाले, स्वार, सगळे. हत्ती एकटा आपल्याकडं बघतोय. दमलाय तो. ज्यानं हा डोळा रंगवला ना, त्यानं हत्तीवर माया केलेली आहे. असा हत्ती मला एक्याऐंशी वर्षांत जमला नाही."

आबासाहेब आणखी जवळ सरकले. त्यांनी बाराबंदीच्या बाहीने डोळे पुसले. "लहानपणी मी वडिलांच्या खांद्यावर बसून याच्या सोंडेला हात लावायचो," ते म्हणाले. "मला वाटायचं, हा मला ओळखतो. कसं विसरलो कोण जाणे." मग ते बाईंकडे वळले. "बाई, रंग रद्द. या हत्तीसाठी रद्द. मी आत्ता जाऊन बाकीच्या पाची पंचांना घेऊन येतो. हत्तीसमोर उभं राहून सगळ्यांना सांगतो."

ते काठी न टेकता निघाले. बाईंना रडू आवरेना आणि त्यांनी ते आवरलंही नाही. मनावरचं ओझं उतरलं होतं. "चला, सगळ्यांनी आधी चहा घेऊया," त्या म्हणाल्या.

चित्रकार उठले. त्र्यंबकरावांनी आपल्या कोर्‍या कागदाकडे पाहिलं आणि ते हसले. "बघत बसण्यात वेळ गेला. हत्ती काढायचा राहिलाच की!"

"चहा घेऊन या, मग काढा," बाई म्हणाल्या आणि त्यांना हाताला धरून धर्मशाळेत घेऊन गेल्या.

केरबा दाराशी उभा होता. त्याने ऐकलं. त्याने भिंतीकडे पाहिलं. खरंच राहिला होता. एवढा मोठा हत्ती आणि एवढ्या शिकलेल्या माणसांनी तसाच ठेवला होता. त्र्यंबकराव तर म्हातारे. त्यांच्याने काय होणार? कोपर्‍यात रंगार्‍यांचं सामान पडलेलं. खरवडायचा पत्रा, तारेचा ब्रश, पाण्याची बादली. कुणी काही सांगायच्या आत केरबाने बाह्या सारल्या.

अर्ध्या तासाने आबासाहेब पाच पंचांना घेऊन आले. चहा संपवून चित्रकारही आले. सगळ्यांच्या पुढे बाई होत्या आणि त्या हसत होत्या.

केरबा दारातच उभा होता. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. घाम गळत होता आणि चेहर्‍यावर असं समाधान की बघत राहावं. आत भिंतीवर मिरवणूक चालली होती. ताशेवाले होते, घोडेस्वार होते. मधोमध नुसती भिंत होती आणि तिच्यावर अंबारी हवेत लटकली होती. अंबारीत राजा बसला होता.

बाई भिंतीपाशी धावल्या आणि त्यांनी त्या रिकाम्या जागेवर हात फिरवला.

"केरबा," आबासाहेबांनी विचारलं, "हत्ती कुठाय?"

"काढला की, आबासाहेब!" केरबा म्हणाला. "ही बारा जनं दुपारधरनं नुसती काढत्यात, काढत्यात आन् हत्ती आपला हाय तितंच! म्या एकट्यानं अर्ध्या तासात काढला. समदा. शेपटीसकट."