रेशमीची पाठ

“रेशमीला ती साळिंदरं म्हणे रोज थोडी थोडी—”

गव्हाणीशी कुजबुजणाऱ्या दोघी मेंढ्या थोरल्या एडक्याची चाहूल लागताच गप्प झाल्या. भुरीमावशीच्या कानावर पडलं ते एवढंच, आणि अर्धवट बोलणं तिला कधी पचत नसे. मेंढवाड्यात कोण कुणाशी अबोला धरून आहे, कुणाचं कोकरू कुणावर गेलंय, सगळं तिला ठाऊक. आणि कुणी आजारी पडलं की आधी धावून जाणारीही तीच.

त्या मुलखात मीठ एकाच ठिकाणी होतं: मेंढवाड्याच्या मधोमध धन्यानं ठेवलेला पुरुषभर उंचीचा मिठाचा दगड. ठेवताना धनी “घ्या” एवढंच म्हणाला होता. पण दगड झिजेल या धास्तीनं एडक्यांनी त्यावर छप्पर घातलं, आणि मेंढ्या रोज सकाळी त्याच्यापुढं माना लववून रांगेत उभ्या राहू लागल्या. जीभ कुणी लावत नसे. अंगात त्राण नसल्याची तक्रार मात्र सगळ्याच करत.

भिंतीपलीकडच्या जुन्या खाणीत साळिंदरं राहत. काट्यांना गेरू फासत, शेपटीचे पोकळ काटे खडखडवत नाचत, आणि दिवसभर वाळकी हाडं कुरतडत. त्या हाडांचीच मेंढ्यांना दहशत. दरवर्षी थोरला एडका भिंतीवर चढून हाक घाली, “काटे उपटून या, आत जागा आहे!” काटा उपटला की रक्त येतं, हे त्याला कधी कळलं नाही. आलंही कुणी नाही.

आणि आता रेशमी तिकडं जात होती. रोज, एकटी.

मावशीनं तिला पाणवठ्यावर गाठलं. “काय गं, पाठ पार उघडी पडलीय तुझी. खरूज झालीय का?”

“नाही हो मावशी.”

“मग लोकर गेली कुठं?”

“कामी आली,” रेशमी म्हणाली आणि पाणी प्यायला वाकली. तिच्या कातडीवर थंडीनं शहारे उठले होते.

त्याच दुपारी थोरल्या एडक्यानं मावशीला बोलावलं. “भुरीबाई, तुम्हाला सगळ्यांचं सगळं कळतं. जाऊन बघून या. साळिंदरं रेशमीला खात असतील, तर आज रेशमी बाहेर असतानाच मी दार लावतो. रक्ताची चटक लागली, तर तिच्यामागोमाग सगळी आत येतील.”

“आणि तिनं थंडीत मरायचं?”

“कळप वाचवायला हवा. तुम्ही सांगाल ते मी खरं धरीन.”

दिवस कलताना मावशी रेशमीचा माग काढत खाणीवर पोचली. एक म्हातारं साळिंदर तिच्याकडं पाठ करून काटे फुलवत उभं राहिलं. खाणीत त्याला खडखड्या म्हणत.

“ही आणखी कोण? उपदेश आणलाय का पुन्हा?”

“नाही रे बाबा. मी नुसती बघायला आलेय.”

“मग बस. बघणारी चालते आम्हाला. तिकडं भिंतीवर चढून ओरडणारा एक आहे, त्याचा घसा बरा आहे ना?”

सगळी खाण खडखडून हसली. मावशीलाही हसू आवरलं नाही.

मग तिनं पाहिलं. रेशमी सपाट कातळावर पाय दुमडून बसली होती. साळिंदरं एकेक करून जवळ येत, काटे अंगालगत मिटवून घेत आणि तिची पाठ चाटत. पाजती एक साळिंदरीण अधाशासारखी लोकरीचा झुपकाच ओढून चघळू लागली. लोकरीत पांढरे कण चमकत होते. बाजूला हाडांचा ढीग पडला होता. त्यातून गवत वर आलं होतं. हाडांना आता कुणी तोंड लावत नव्हतं.

“एवढं मीठ आणतेस कुठून?” साळिंदरिणीनं विचारलं.

“आमच्या धन्याचं आहे.”

“काटेवाल्यांना देतो तो?”

“मला दिलं, तेव्हा माझं अंग चिखलानं भरलेलं होतं,” रेशमी म्हणाली आणि दुसरी कूस तिच्याकडं केली.

मावशी परतली तेव्हा थोरला एडका दाराला खांदा लावून उभा होता.

“खातात?”

खोटं बोलणं मावशीला जमत नसे. “लोकर खातात. तिला नाही.”

“म्हणजे ऐकलं ते खरंच.”

“अर्धं. आणि कारभारी, ती यायचीय अजून. तोवर दाराला हात लावू नका.”

एडक्यानं दार लोटलं नाही. उघडंही सोडलं नाही. खांदा तसाच ठेवून तो उभा राहिला.

मावशी छपराखाली गेली. रांगेसमोरची दगडाची बाजू धुळीनं काळी पडली होती. इतक्या वर्षांत ती दगडाच्या मागं कधी गेलीच नव्हती. तिकडं एका मेंढीच्या कुशीएवढा खळगा झिजून पांढराशुभ्र झाला होता. मावशीनं आपलं अंग त्याला टेकवलं. त्यात तिचं रुंद अंग मावेना, म्हणून ती घासू लागली.