सात पायऱ्या आणि दोन पाने

बोटीतून उतरून बाजाररस्त्याने सरळ चालत आलात, की उजव्या हाताला सुक्या खोबऱ्याची वखार लागते आणि तिच्या पलीकडे परदेशातून पाठवलेले पैसे देणारे दुकान. या दोहोंच्या मध्ये प्रवाळाच्या दगडाच्या सात पायऱ्या आहेत. त्या चढून गेले की काही नाही. वर घर नाही, भिंत नाही, आकाश आहे. पाहुणे तिथे उभे राहून फोटो काढतात आणि नगरपालिकेने काम अर्धवट सोडले असावे असे समजतात. नगरपालिकेत मी चौतीस वर्षे काढली असल्यामुळे हा समज अगदीच निराधार आहे असे मला म्हणता येत नाही. पण या पायऱ्या तिच्या नव्हेत.

सोळा ऑगस्टला आमच्या तालिनाय गावात सान रोके या संताचा सण असतो. त्या दिवशी भर दुपारी या सातव्या पायरीवर गावातला एक माणूस एकटाच बसून पोटभर जेवतो. त्याच्या शेजारी तितकेच वाढलेले दुसरे पान असते. त्याला कोणी हात लावत नाही. मिरवणूक समोर येऊन थांबते आणि त्याचे जेवण संपेपर्यंत पुढे सरकत नाही.

याचे कारण असे सांगतात.

स्पेनच्या राजाचा अंमल होता तेव्हा इथे पोलोन्या नावाची बाई राहत होती. आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला आलिंग म्हणतात, मावशी म्हणावे तसे. आलिंग पोलोन्या बागूओंग करायची. बागूओंग म्हणजे बारीक मासळी मिठात घालून महिनोन्‌महिने रांजणात मुरवायची आणि मग तिचा लगदा जेवणात चवीला घ्यायचा. तिच्यासारखा बागूओंग किनाऱ्यावर दुसरा नव्हता म्हणे. त्याशिवाय गावात एक घास कोणाच्या घशाखाली उतरत नसे. मात्र तिच्या घरावरून जाताना सगळे नाकाला रुमाल लावत.

नवरा होडीबरोबर गेला तो आलाच नाही. लेक लग्न होऊन दुसऱ्या बेटावर गेली. त्या वर्षीच्या सणाला पोलोन्याने पहिल्यांदा एकटीने स्वयंपाक केला. डुकराचे मांस, शेवया, नारळाच्या दुधातला चिकट भात, सगळे चाळीस माणसांचे. चटई अंथरली, दार उघडे टाकले आणि ती बसली.

इथे सणाला कोणी कोणाला बोलावत नाही, हे तुम्हाला माहीत हवे. उघडे दार हेच आमंत्रण. ‘या’ म्हणणे म्हणजे आपल्या दाराला किंमत नाही असे आपणच कबूल करणे. त्यामुळे ती बोलावणार नव्हती. लोक आले, नाही असे नाही. वाटी घेऊन आले आणि खालूनच हाक मारून गेले, “आलिंग, जरा बागूओंग द्या हो, घरी पाहुणे खोळंबलेत. येतेच मी जेवायला!”

संध्याकाळी तिने सगळे अन्न कुत्र्यांना घातले आणि संताला नवस बोलली. कोणी पाहुणा माझ्या चटईवर बसून पोटभर जेवेल, तेव्हाच मी सणाचे अन्न तोंडात घालीन. सान रोकेच्या मूर्तीपाशी पाव तोंडात धरलेला कुत्रा असतो. संत रानात उपाशी पडला तेव्हा या कुत्र्याने त्याला पाव आणून दिला म्हणतात, म्हणून उपाशी माणसाचे दुःख संताला कळते अशी आमची समजूत आहे.

आता, लोक का येत नाहीत याचा तिने विचार केला. वासाची तिला सवय झाली होती, त्यामुळे ते कारण तिला सुचले नाही. तिला वाटले, शिडीमुळे. घर खांबांवर, वर जायला बांबूची शिडी. सणाचे बूट घालून कोण चढेल? मग ओहोटीला ती कंबरभर पाण्यात गेली, प्रवाळाचा एक दगड फोडून ओढत आणला आणि पायरी केली. पुढच्या वर्षी दुसरी. गाव हसले. कापितान तिबुर्सियो म्हणून गावचा मुखिया होता. तो चारचौघांत म्हणाला, “पायऱ्या बिशपच्या, घर कोंबडीचं!” हे वाक्य फार गाजले. मुखियाची विनोदबुद्धी गावाला नेहमीच भावते.

पण पाचवी पायरी झाली आणि लोक हसायचे थांबले. एवढ्या पायऱ्या बांधते म्हणजे हिच्याकडे कोणी बडी माणसे जेवायला येत असणार. तिथे आपण कशाला कडमडायचे? आधी वासामुळे येत नव्हते, आता मानापोटी येईनात. प्रत्येकाला वाटे, तिच्याकडे दुसरे कोणी तरी गेले असेल.

सातव्या वर्षी सातवी पायरी झाली. मिरवणूक तिच्या घरासमोर आली आणि संताची मूर्ती जड झाली. सोळा जणांना उचलेना. माणसे बदलली, पाद्रीबाबांनी पवित्र पाणी शिंपडले. कापितान ओरडला, “मेल्यांनो, प्यायलात किती!” प्यायले होतेच, पण दरवर्षी पिऊनच उचलत असत.

पाद्रीबाबांनी वर पाहिले. पोलोन्या दारात बसली होती.

“आलिंग, काही जेवायला आहे का?”

“आहे फादर. सात वर्षं आहे.”

मग सगळे गाव पायऱ्या चढले. पण तोवर प्रत्येक जण चार घरी जेवून आलेला. उभ्याउभ्याच एकेक घास तोंडात टाकला, “वा, आलिंग, काय चव!” म्हटले आणि उतरले. मूर्ती हलकी झाली. बँड वाजू लागला. गाव गेले.

कापितान टोपी विसरला होता. ती न्यायला संध्याकाळी परत आला तर पोलोन्या पातेल्यांवर केळीची पाने झाकत होती. चटईला एक सुरकुती नव्हती.

“आता तरी जेवलात ना, आलिंग?”

“नाही. बसलं कुठं कोणी?”

कापितान ओशाळला. पोटावर हात ठेवून म्हणाला, “आज गळ्यापर्यंत भरलंय हो, घास जायचा नाही. पुढच्या वर्षी सगळ्यात आधी तुमच्याकडे. उपाशी येतो, मग बघाच.”

“बरं,” ती म्हणाली. “मी काही कुठं जात नाही.”

पुढच्या वर्षी तो खरेच आला. आदल्या दिवसापासून त्याने काही खाल्ले नव्हते. पण जूनमध्ये पटकीच्या साथीत पोलोन्या गेली होती आणि नंतरच्या वादळात तिचे घरही गेले होते. कापितान पायऱ्यांपाशी बराच वेळ उभा राहिला म्हणे. मग घरी जाऊन दोन पाने वाढून घेऊन आला. सातव्या पायरीवर बसला, एक पान शेजारी ठेवले आणि दुसरे शेवटच्या शितापर्यंत जेवला. मिरवणूक आली, त्याला पाहून थांबली. त्या वर्षी मूर्ती जड झाली नव्हती. लोक आपणहून थांबले.

आजही त्या पायरीवर दोन पाने मांडली जातात. बसणाऱ्याचे नाव पूर्वी चिठ्ठी टाकून काढत, आणि ज्याचे नाव निघे तो आजारी पडत असे; एवढ्या लोकांसमोर एकट्याने जेवायचे म्हणजे लाजच. गेल्या काही वर्षांत चिठ्ठीची गरज उरलेली नाही. निम्मे गाव बोटींवर, दुबईत, हाँगकाँगमध्ये कामाला आहे. मागे राहिलेली म्हातारी माणसे आपली नावे जानेवारीतच देऊन जातात. गेल्या सणाला फेलिसिदाद बाई बसल्या होत्या, चार मुलांच्या आई, चारही मुले चार देशांत. भर उन्हात गाव उभे, बँड थांबलेला, मूर्ती वाहणाऱ्यांचे खांदे दुखत होते. बाई सावकाश जेवत होत्या. मध्येच त्यांनी पाहिले, सगळे त्यांच्याकडेच बघत आहेत. त्यांनी आणखी भात मागितला.