पाच वर्षांच्या अनुभवाची अट

१२ मार्च २०१४. आभाळ ढगाळ, वारा पडलेला. नगरपरिषदेने यात्रेच्या जेवणासाठी पर्यावरणपूरक पत्रावळींची निविदा काढली होती. लिपिक तेलगोटेंच्या देखत मुख्याधिकारी बचतगटाच्या रेवताबाई मडावींना ऐटीत म्हणाले, "बाई, अट वाचली का? या कार्यालयाला ताटं पुरवल्याचा पाच वर्षांचा अनुभव पाहिजे."

"वाचली ना साहेब! पण पाच वर्षं तुम्ही थर्माकोलच घेतलं. म्हणजे पळसाच्या पत्रावळींसाठी थर्माकोलवालाच पात्र!"

साहेबांनी अट पुन्हा वाचली. तेलगोटेंची मान खाली गेली. अट टाइप करतानाच त्यांना हे कळलं होतं, पण ते बोलले नव्हते.

अट त्याच दिवशी रद्द झाली. फेरनिविदा नियमाप्रमाणे त्यानंतर एकविसाव्या दिवशी उघडली. यात्रा अठराव्या दिवशी होती. जेवण थर्माकोलवर वाढलं गेलं.