पिवळ्या दुधाची धास्ती

फार फार पूर्वी डोंगराआड एक गाव होतं आणि त्या गावाला एक भीती होती. बाळंतिणीचं पहिलं दूध पिवळं, घट्टसर असतं ना? ते म्हणे नासकं! पोटात गेलं की लेकरू निळं पडून मरतं. असं मेलेलं लेकरू कुणी पाहिलं होतं का? छे! पाहिलं कुणीच नव्हतं, ऐकलं मात्र सगळ्यांनी होतं.

म्हणून तिथली नवी आई ते दूध पिळून मातीत टाकायची आणि लेकराला कापसाच्या बोळ्याने गुळाचं पाणी पाजायची. पांढरं दूध उतरेपर्यंत पुष्कळ लेकरं तग धरायची. काही धरत नसत. मग लोक म्हणायचे, "सटवाईने लिहिलंच तेवढं होतं." झालं! सटवाई बिचारी काय बोलणार?

त्या गावात येसू नावाची सून बाळंत झाली. मुलगी झाली, मूठभर जीव. सासू मायाळू होती, म्हणूनच जास्त भ्यायलेली. ती उशापासून हलेना.

"येसू, पाजू नकोस हं अजून. एक थेंब गेला तरी घात होईल."

येसूने ऐकलं. दूध मातीत गेलं. मुलगी रडरड रडली. दुसऱ्या दिवशी रडणं बारीक झालं आणि संध्याकाळी थांबलंच. रडणाऱ्या लेकराची भीती नसते हो, गप्प झालेल्या लेकराची असते. येसूने बोळा लावून पाहिला. ओठ हलले नाहीत.

तेवढ्यात गोठ्यात ढवळी गाय व्याली. सासू धावली. भिंतीपलीकडून तिचा आवाज येसूला ऐकू आला. ती गड्यावर ओरडत होती, "अरे मेल्या, चरवी ठेव बाजूला! खरवसाची घाई कसली? आधी वासराला चीक पिऊ दे. चीक पोटात गेला नाही तर वासरू जगेल का?"

आता चीक म्हणजे गाईचं पहिलं पिवळं दूधच की! येसू ताडकन उठून बसली.

"सासूबाई! चीक मिळाला नाही तर वासरू मरतं. मग मिळाला तर माझी लेक कशी मरेल?"

सासू दारात थबकली. "जनावराचं वेगळं गं, माणसाचं वेगळं. नको येसू, हात जोडते तुला!"

येसूने लेकीला मांडीवर घेतलं. आपणच लेकीला मारतोय की काय, असं तिला वाटत होतं. तरी तिने एक थेंब त्या ओठांवर पिळला. ओठ निळे पडतायत का? थेंब आत गेला. दुसराही गेला. मग ओठ हलले आणि लेक चुटूचुटू प्यायला लागली.

दोघी तिच्याकडे बघत राहिल्या. लेक निळी पडली नाही. प्यायली, झोपली, आणि उठून तिने मोठं भोकाड पसरलं.

येसू हसली. सासू मात्र मटकन खाली बसली.

"येसू, तुझ्या नवऱ्याआधी मला एक मुलगा झाला होता. तोही असाच गप्प झाला गं. मी सटवाईला बोल लावला. आणि दूध तर माझ्याजवळच होतं!"

त्यानंतर गावात कुणीही बाळंत झालं की ती म्हातारी सगळ्यांआधी पोचायची आणि पहिलं दूध पाजवूनच उठायची.

म्हणून सांगते, ऐकीव भीती पारखून न घेणाऱ्याच्या घरात अन्न असूनही लेकरू उपाशी मरतं.