वाघोशीची गॅसविहीर

वाघोशीच्या शाळेला लागूनच गॅसची विहीर खोदणार, असं कंपनीच्या सबनीस साहेबांनी ग्रामसभेत सांगितलं. लोकांनी विरोध करताच ते हसले. "जमिनीखालचा गॅस सरकारचा. तिथे ग्रामपंचायतीचं काय चालतं?"

सरपंच हौसाबाईंना शाळेतल्या पोरांची काळजी होती, पण त्यांनी कुतूहलाने विचारलं, "साहेब, तुमचं खोदायचं यंत्र जमिनीत सरळ खालीच जातं, की वळतंही?"

"वळतं तर! दोन किलोमीटर आडवं जातं," साहेब ऐटीत म्हणाले.

"मग खालचा गॅस खुशाल न्या. पण यंत्राचा सांगाडा उभा राहणार जमिनीच्या वर, आणि तिथे पंचायतीचं चालतं. ओढ्यापलीकडचा माळ इथून किलोमीटरभरच आहे; तिथे उभे राहा, अन् जमिनीखालून इकडे वळा."

सभेत हशा पिकला. साहेबांनी नकाशा उघडला आणि विचारलं, "माळ नेमका कुठे आहे?"