शिंपीला पडलेलं भोक

फार मागे खाडीकाठच्या गोदीबायच्या परसात कालवांच्या रिकाम्या शिंप्यांचा ढीग होता. आतली कालवं कधीच रश्शात गेलेली. ढिगातली एक खरबरीत शिंपी सारखी कुरकुरायची, "आता काय, भट्टीत जळून चुना व्हायचं!"

एका सकाळी गोदीबाय खिळा-हातोडा घेऊन आली आणि तिनं शिंपीला चक्क भोक पाडलं.

"मेले गो बाय! आता चुन्याच्याही कामाची उरले नाही!" शिंपी किंचाळली.

गोदीबायनं सगळ्या शिंप्या तशाच भोकं पाडून दोरीत ओवल्या आणि बांबूच्या तराफ्याखाली खाडीत टांगून सोडल्या.

भरतीबरोबर तिळाएवढी कालवांची पिल्लं तरंगत आली. गुळगुळीत बांबूवरून ती घसरली, पण शिंपीच्या खरबरीत पाठीला घट्ट बिलगली.

"आजी, इथं राहू?"

"राहा रे बाळांनो! पण गुदगुल्या नका करू!"

पिल्लं तिथंच वाढली. पुढच्या वर्षी गोदीबायनं दोरी ओढली, तर ती हलेना. "अगो, केवढी जड झालीस!"

लेकरांच्या गर्दीतून शिंपी खुदखुदली, "घर भरलंय माझं! यांना खुशाल रश्शात घाल, पण शिंप्या फेकू नकोस हां. आधी भोकं पाड!"